माकड कशानं मेलं?

दोडामार्ग तालुक्यातली एखादी काजूची बाग डोळ्यांसमोर आणा. मार्च महिना, सकाळचे नऊ. झाडांवर लाल-पिवळे बोंडू लटकलेत, खाली पडलेल्या बोंडूंचा आंबूस वास सुटलाय आणि पायाखाली वाळक्या पानांचा जाड थर कुरकुरतोय. तुम्ही मामाबरोबर बिया गोळा करायला आलात. वाकून एकेक बोंडू उचलायचा, बी पिळून काढायची आणि टोपलीत टाकायची. तेवढ्यात झाडाच्या बुंध्याशी काहीतरी दिसतं. एक माकड आडवं पडलंय. अंगावर जखम नाही, विजेचा धक्का बसावा तर आसपास विजेची तार नाही, कुत्र्यानं धरल्याची खूणही नाही. नुसतं झोपल्यासारखं पडलंय, पण मेलेलं.

अशा वेळी मामा काय म्हणेल? पूर्वी कदाचित म्हणाला असता, "मेलं बिचारं, पुरून टाकूया." पण आज दोडामार्ग-सावंतवाडीकडचा मामा तुमचा हात धरून मागे खेचेल आणि म्हणेल, "थांब! जवळ जाऊ नको." मग खिशातून मोबाइल काढील.

मेलेलं माकड चावत नाही, ओरबाडत नाही. मग मामा एवढा का दचकला? त्याचं उत्तर शोधायला आपल्याला सत्तर वर्षं मागे जावं लागेल, कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात.

तिथं सोरब तालुक्यात क्यासनूर नावाचं जंगल आहे. 1957 साली त्या भागात माकडं मरायला लागली. काळ्या तोंडाची वानरंही मेली आणि लाल तोंडाची माकडंही, ज्यांना मालवणी मुलुखात काही जण केलडी म्हणतात. त्याच सुमाराला आसपासच्या गावांत माणसं तापानं फणफणायला लागली. ताप एकाएकी चढायचा. कपाळ फुटेल असं दुखायचं, अंग ठणकायचं, उलट्या व्हायच्या, कुणाच्या हिरड्यांतून तर कुणाच्या नाकातून रक्त यायचं. काही माणसं दगावली. गावकऱ्यांनी दोन गोष्टी एकमेकींना जोडल्या आणि आजाराला नाव देऊन टाकलं : मंगन कायिले. कन्नडमध्ये मंग म्हणजे माकड आणि कायिले म्हणजे आजार. आपण त्याला माकडताप म्हणतो.

खबर पुण्याला पोचली. पुण्यात 1952 साली व्हायरस रिसर्च सेंटर सुरू झालं होतं. आज आपण ज्या संस्थेला एनआयव्ही, म्हणजे राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था म्हणतो, तीच ही. तिथले शास्त्रज्ञ हादरले, आणि त्यालाही एक कारण होतं. दक्षिण अमेरिकेच्या जंगलात पीतज्वर पसरतो तेव्हा आधी माकडं मरतात, मग माणसं आजारी पडतात. पीतज्वर भारतात कधीच आलेला नव्हता. पण तो पसरवणारा डास मात्र आपल्याकडे गल्लोगल्ली होता, आजही आहे. पीतज्वर खरंच येऊन ठेपला असता तर काय झालं असतं या विचारानंच त्यांची झोप उडाली असणार.

टेलफर्ड वर्क त्या वेळी संस्थेचे प्रमुख होते. त्यांचे सहकारी हॅरॉल्ड ट्रॅपिडो, टी. रामचंद्र राव, पी. के. राजगोपालन अशी मंडळी जंगलात उतरली. मेलेल्या माकडांमधून आणि आजारी माणसांच्या रक्तातून त्यांनी विषाणू वेगळा केला. तो पीतज्वराचा निघाला नाही. निघाला चक्क रशियातल्या एका विषाणूचा भाऊबंद! सैबेरियाच्या थंडगार जंगलात मेंदूचा ताप आणणारा एक विषाणू आहे, त्याच्याच कुळातला हा.

आता सैबेरिया कुठे आणि शिमोगा कुठे? विषाणू एवढ्या लांबून आला कसा? कुणाला तरी सुचलं, दर हिवाळ्यात सैबेरियाकडून आपल्याकडे हजारो पाखरं येतात, त्यांच्याबरोबर तर आला नसेल? हे तपासायला थोर पक्षितज्ज्ञ सालिम अली आणि मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी पुढे आली. जागतिक आरोग्य संघटनेनं मदत केली. पाखरं जाळ्यात धरायची, अंगावर काही किडे आहेत का ते तपासायचं, पायात हलकीशी क्रमांकाची कडी घालायची आणि सोडून द्यायची. कडीवर इंग्रजीत कोरलेलं असायचं, सापडल्यास सोसायटीला कळवा. पाखरांनीच हा विषाणू आणला असं काही सिद्ध झालं नाही. पण एका तापाचा माग काढता काढता, आपल्याकडे येणारी पाखरं कुठून येतात आणि कुठे जातात याचा केवढा तरी खजिना हाती लागला. मला ही गोष्ट फार आवडते. माणसांच्या डॉक्टरांना पडलेला प्रश्न सोडवायला पाखरांचा अभ्यासक लागला!

खरा वाहक मात्र आकाशात नव्हता, जमिनीवर होता. तो पकडायची युक्ती इतकी सोपी आहे की ऐकून आश्चर्य वाटेल. एक जाडसर पांढरं कापड घ्यायचं, त्याच्या एका कडेला काठी बांधायची आणि ते जंगलातल्या पाचोळ्यावरून हळूहळू ओढत न्यायचं. दहा-वीस पावलांनी थांबून कापड उलटं करून बघायचं. पांढऱ्यावर तपकिरी ठिपके दिसतात. मोहरीचे दाणे सांडलेत असं वाटतं. आणि मग दाणे चालायला लागतात!

ते होते गोचीड.

गोचीड तुम्ही पाहिलाय. माझ्या आजोळी गोठ्यात एक तांबडी गाय होती. तिच्या कानाच्या मागे, मानेखालच्या पोळीत, शेपटीच्या बुडाशी गोचीड चिकटलेले असायचे. फुगलेला गोचीड बघितला की मला हमखास एरंडाची बी आठवायची. तसाच लंबगोल, तसाच गुळगुळीत, तसाच राखाडी-तपकिरी. पुढे कळलं की हे फक्त मलाच वाटलं नव्हतं. एरंडाचं शास्त्रीय नाव रिसिनस, आणि लॅटिन भाषेत रिसिनस म्हणजे गोचीड! दोन हजार वर्षांपूर्वी रोममधल्या कुणालातरी एरंडाची बी बघून गोचीड आठवला होता.

गोचीड किडा वाटतो, पण कीटकांना सहा पाय असतात आणि याला आठ. म्हणजे तो डासाचा नातेवाईक नाही, कोळ्याचा आणि विंचवाचा आहे. गंमत अशी की अंड्यातून निघालेल्या पिल्लाला सहाच पाय असतात. एकदा पोटभर रक्त पिऊन कात टाकली की उरलेले दोन फुटतात. या मधल्या अवस्थेतल्या गोचिडाला आपण 'कुमार गोचीड' म्हणूया. कुमार पुन्हा एकदा जेवतो, कात टाकतो आणि प्रौढ होतो. प्रौढ मादी आणखी एकदा जेवते, फुगते, जमिनीवर गळून पडते, हजारोंनी अंडी घालते आणि मरते. संपलं आयुष्य.

म्हणजे मोजा बरं. पिल्लू असताना एक जेवण, कुमार असताना दुसरं, प्रौढ झाल्यावर तिसरं. अख्ख्या आयुष्यात तीनच जेवणं! आणि माकडतापाचा गोचीड ही तिन्ही जेवणं तीन वेगळ्या प्राण्यांच्या अंगावर करतो. एक जेवण झालं की उतरतो, पाचोळ्यात दडतो, कात टाकतो, आणि मग नव्या यजमानाची वाट बघत बसतो.

ही वाट बघण्याची रीत तर कमाल आहे. त्याला उडता येत नाही, उडी मारता येत नाही. तो गवताच्या पात्याच्या किंवा वाळक्या पानाच्या टोकाशी चढतो, मागच्या पायांनी घट्ट धरतो आणि पुढचे दोन पाय हवेत पसरून बसतो. आपण बसला हात दाखवतो ना, अगदी तसा. त्या पुढच्या पायांवर एक बारीकसं इंद्रिय असतं, त्याला हॅलरचं इंद्रिय म्हणतात. त्यानं गोचिडाला वास कळतो, ऊब कळते, आणि आपण उच्छ्वासातून सोडलेला कार्बन डाय-ऑक्साइडही कळतो. उंदीर असो, गाय असो की बोंडू वेचणारी मावशी, अंगाचा ओझरता स्पर्श झाला की तो पकडतो. चावतो तेही कळत नाही, कारण त्याच्या लाळेत दुखू न देणारी आणि रक्त गोठू न देणारी द्रव्यं असतात. तोंडाला मासे पकडायच्या गळासारखे उलटे काटे असतात, त्यामुळे तो सहज निघतही नाही.

आता कोड्याची मुख्य गाठ सोडवूया. अंड्यातून निघालेलं पिल्लू बहुधा विषाणूशिवायच असतं. त्याचं पहिलं जेवण होतं पाचोळ्यातून पळणाऱ्या एखाद्या उंदरावर, चिचुंद्रीवर, जमिनीवर चरणाऱ्या पाखरावर किंवा माकडावर. त्या प्राण्याच्या रक्तात विषाणू असला की तो पिल्लाच्या पोटात जातो. पिल्लानं कात टाकली तरी विषाणू आतच राहतो. मग कुमार झालेला तोच गोचीड दुसऱ्या जेवणाला ज्याच्या अंगावर चढेल, त्याला विषाणूची भेट मिळते. तिथं माकड असलं तर माकडाला, माणूस असला तर माणसाला.

उंदीर-चिचुंद्र्यांना या विषाणूचं बहुधा काही वाटत नाही. त्यांचं आणि त्याचं जुनं जमलेलं आहे. माकडाचं तसं नाही. माकड आजारी पडतं आणि त्याच्या रक्तात विषाणूंचा पूर येतो. त्या दिवसांत त्याच्या अंगावर जेवणारी गोचिडाची बरीच पिल्लं विषाणू घेऊन उतरतात. माकड मेलं, अंग गार पडलं की उरलेसुरले गोचीडही भराभर खाली येतात. म्हणजे ज्या झाडाखाली माकड मेलं, त्या झाडाखालचा पाचोळा विषाणूवाल्या गोचिडांनी भरून जातो.

मामानं तुमचा हात का धरला, कळलं? मेलेलं माकड काही करत नाही. त्याच्या आजूबाजूची जमीन करते.

इथं मला माकडांची बाजू घ्यावीशी वाटते. आजाराच्या नावात माकड आलं म्हणून लोकांना वाटतं, माकडच आजार पसरवतं, हाकला त्यांना, मारा. पण विचार करा, गोचीड त्यालाही चावला आणि आपल्यालाही. या आजारात ते आपल्याच रांगेत उभं आहे, फक्त आपल्या पुढे. ते पहिला रोगी आहे. त्याला दवाखाना नाही, सलाइन नाही, कपाळावर पाण्याची पट्टी ठेवणारं कुणी नाही. माणसांत हा ताप झालेल्या शंभरांपैकी साधारणपणे तीन ते पाच जण दगावतात. माकडांचे मात्र कळपच्या कळप झिजतात. शिवाय माणसाकडून माणसाला हा ताप होत नाही, त्यामुळे घरात कुणाला झाला तर त्याला वाळीत टाकायचं काहीच कारण नाही.

आणि गाय? ती तर या गोष्टीतलं सगळ्यात बेरकी पात्र आहे, बिचारीला पत्ताही नसताना. गाईम्हशींना माकडताप होत नाही. पण गोचिडाचं तिसरं, सगळ्यात मोठं जेवण बहुतेक वेळा त्यांच्याच अंगावर होतं, तेही पावसाळ्यात. मादी फुगते, गळून पडते, हजारोंनी अंडी घालते. जंगलात चरणाऱ्या गुरांची संख्या वाढली की गोचिडांसाठी जणू पंगतच मांडली जाते. पुढच्या हिवाळ्यात पाचोळ्यात कुमार गोचिडांची संख्या वाढलेली असते.

दिनदर्शिका काढा आणि बघा कशी गंमत आहे, किंवा खरं तर गंमत कसली, केवढा घोळ आहे! कुमार गोचिडांचे दिवस म्हणजे साधारण नोव्हेंबर ते मे. काजूचा हंगाम साधारण फेब्रुवारी ते मे. जंगलात जाऊन पाचोळा गोळा करायचे दिवस तेच, कारण गोठ्यात गुरांखाली अंथरायला आणि शेणखतात मिसळायला तो लागतो. जळणाच्या काटक्या आणायच्या त्याही पावसाच्या आधी. आणि माकडांना बोंडू आवडतात हे काय सांगायला हवं! म्हणजे माणूस, माकड आणि भुकेला गोचीड, तिघंही एकाच झाडाखाली, एकाच महिन्यात. जून उजाडला, पाऊस पडला की कुमार संपतात, आणि ताप आपोआप ओसरतो. पावसाळ्यात प्रौढ गोचीड असतात, पण ते माणसाच्या वाटेला फारसे जात नाहीत.

मग तुम्ही विचाराल, जंगल, माकडं, गोचीड, गुरं हे सगळं तर पूर्वीपासून आहे. 1957 लाच असं काय झालं?

हा प्रश्न जॉर्ज बोशेल यांनाही पडला होता. हे कोलंबिया देशाचे डॉक्टर. पीतज्वराच्या अभ्यासात त्यांची हयात गेलेली, म्हणून ते शिमोग्याच्या कामात आले. त्यांनी नुसते गोचीड मोजले नाहीत, जंगलाकडेही बघितलं. त्यांना दिसलं की गावं वाढतायत, शेतासाठी जंगल मधेमधे तोडलं जातंय, आणि तोडलेल्या कडेला घाणेरीची दाट झुडपं माजतायत. घाणेरी म्हणजे टणटणी, तीच ती रंगीबेरंगी फुलांची, जिची पानं चुरगळली की उग्र वास येतो. ही मूळची आपली नव्हे, अमेरिका खंडातून आलेली. तिच्या जाळीत उंदीर, चिचुंद्र्या, रानकोंबड्या मजेत राहतात. त्याच जाळीच्या कडेनं गुरं चरतात, माणसं ये-जा करतात, फळं खायला माकडं उतरतात. दाट, अखंड जंगलात जे प्राणी एकमेकांना क्वचित भेटले असते, ते या कडेवर रोज भेटायला लागले. विषाणू बहुधा जंगलात आधीपासूनच मुकाट होता. आपण त्याच्यासाठी बाहेर यायची वाट करून दिली.

या वाटेचा सगळ्यात कडू अनुभव आला 1982-83 साली, कर्नाटकातल्या दक्षिण कन्नड जिल्ह्यात, बेळतंगडी भागात. काजूच्या लागवडीसाठी तिथं राखीव जंगलाचा मोठा तुकडा साफ तोडला गेला. झाडं तोडायला मजूर आत गेले. आधी माकडं मरायला लागली, मग मजूर आणि गावकरी आजारी पडायला लागले. त्या हंगामात दीड हजाराहून जास्त लोकांना ताप आला आणि दीडशेच्या आसपास माणसं गेली. काजू हे झाडही मूळचं ब्राझीलचं, पोर्तुगिजांनी आपल्या किनाऱ्यावर आणलेलं. त्यात काजूचा काय दोष! तो तर कोकणातल्या कितीतरी घरांची चूल पेटवतो. पण जंगल तोडायचं असेल तर त्या पाचोळ्यात कोण कोण राहतं हे आधी विचारायला हवं होतं, एवढं मात्र मला मनापासून वाटतं.

नंतर ताप सह्याद्रीच्या कडेनं सरकत गेला. 2012-13 च्या सुमाराला बंदीपूर, निलगिरी आणि वायनाडच्या जंगलांत त्याच्या खुणा सापडल्या. 2015 साली गोव्यात सत्तरी तालुक्यात काजूच्या बागांत काम करणाऱ्यांना तो झाला. आणि 2016 साली आपल्या दोडामार्गात पोचला, तिथून पुढे बांद्याकडेही दिसला. नकाशा उघडून सत्तरी आणि दोडामार्ग शोधा. मधे राज्याची हद्द आहे, पण ती आपल्या कागदावर. माकडाला आणि गोचिडाला ते एकच जंगल आहे.

आता मला सांगा, हा आजार कुणाचा? तापलेल्या माणसाला बघणार डॉक्टर. मेलेलं माकड उचलणार वनविभाग. ते तपासणार आणि गुरांवरचे गोचीड कमी करणार गुरांचे डॉक्टर. पाचोळ्यातले गोचीड मोजणार कीटकतज्ज्ञ. आणि जंगल तोडायचं की ठेवायचं हे ठरवणारी माणसं तर अजून वेगळीच. समजा, माकड मेल्याचं वनरक्षकाला सोमवारी कळलं आणि ते त्यानं डॉक्टरांना सांगितलंच नाही, तर डॉक्टरांना ते कळणार थेट पहिला रोगी दवाखान्यात आल्यावर. मधले दिवस वाया गेले. त्या दिवसांत किती जण त्या झाडाखाली बोंडू वेचून आले असतील!

म्हणून हल्ली जगभर एक कल्पना जोर धरतेय. तिला 'वन हेल्थ' म्हणतात, आपण 'एक आरोग्य' म्हणूया. माणसाचं, जनावराचं आणि जंगल-पाण्याचं आरोग्य तीन वेगळ्या कपाटांत ठेवायचं नाही, एकाच वहीत लिहायचं. माणसाला होणारे जे संसर्गजन्य आजार आपल्याला माहीत आहेत, त्यांतले निम्म्याहून जास्त प्राण्यांकडून आलेले किंवा प्राण्यांतही आढळणारे आहेत. पिसाळलेल्या कुत्र्यामुळे होणारा रेबीज तुम्हाला माहीत आहे. पावसाळ्यात भातखाचरांत अनवाणी राबणाऱ्यांना उंदरांच्या मूत्रातून होणारा लेप्टो कोकणात घरोघरी माहीत आहे. फळं खाणाऱ्या वटवाघळांकडून येणारा निपा केरळात डोकं वर काढतो. प्रत्येकाची गोष्ट वेगळी, आणि प्रत्येकीसाठी एक अख्खा लेख लागेल. या सगळ्यांचा एकत्र अभ्यास व्हावा म्हणून नागपुरात राष्ट्रीय वन हेल्थ संस्थेची पायाभरणी 2022 च्या डिसेंबरात झाली. अशा विषाणूंवर काम करायला पुण्यात पाषाणला अत्यंत कडेकोट सुरक्षेची प्रयोगशाळा आहे. एवढी सुरक्षा का? तर माकडतापावर काम करताना पूर्वी पुण्यातल्या प्रयोगशाळेत कितीतरी कर्मचाऱ्यांनाच तो ताप झाला होता. आपल्याला जे कळलंय, ते त्या माणसांनी अंगावर ताप काढून मिळवलेलं आहे.

या तापाला मारणारं खास औषध अजून नाही. लवकर दवाखान्यात गेलं, शरीरातलं पाणी कमी होऊ दिलं नाही, रक्तस्रावावर लक्ष ठेवलं की बहुतेक जण बरे होतात. काहींना मात्र आठ-पंधरा दिवसांनी ताप उलटतो, हातपाय थरथरतात, बोलणं भरकटतं. एक लस बरीच वर्षं दिली जायची, पण तिचा जोर पुरेसा नाही असं दिसलं, म्हणून ती थांबवली. नव्या लशीचं काम चालू आहे. तोवर सगळी मदार आहे ती गोचिडाला अंगावर चढू न देण्यावर. बागेत जाताना पूर्ण बाह्यांचा सदरा, लांब पँट, तिचे पाय मोज्यांत खोचलेले. उघड्या हातापायांना आरोग्य केंद्रातून मिळणारं, गोचीड दूर ठेवणारं तेल. पाचोळ्यावर बसायचं नाही, लोळायचं तर मुळीच नाही. घरी आल्यावर कपडे गरम पाण्यात, आणि साबणानं चोळून गरम पाण्याची आंघोळ. काखेत, कानामागे, गुडघ्याच्या मागे आईकडून बघून घ्यायचं. गोचीड सापडलाच तर रॉकेल ओतायचं नाही, काडी लावायची नाही, बोटांनी चिरडायचा नाही. बारीक चिमट्यानं कातडीच्या अगदी जवळ धरून सरळ ओढून काढायचा आणि जागा साबणानं धुवायची. नंतर ताप आला तर डॉक्टरांना आधी हे सांगायचं की मी काजूच्या बागेत गेलो होतो. हे एक वाक्य डॉक्टरांचा कितीतरी वेळ वाचवतं.

परत त्या बागेत येऊया. मामानं फोन केला, ग्रामपंचायतीत आणि आरोग्य केंद्रात. तासाभरात वनविभागाची गाडी आली. पाठोपाठ गुरांचे डॉक्टर आले, पांढऱ्या झग्यात, हातमोजे-मुखपट्टी चढवून. तुम्ही सगळे लांब, वाटेवर उभे. त्यांनी माकडाचे नमुने घेतले, पुण्याला पाठवण्यासाठी बर्फाच्या डब्यात ठेवले, मग ते माकड तिथंच नीट जाळलं. आजूबाजूच्या जमिनीवर कीटकनाशकाची भुकटी टाकली. एका ताईनं पांढरं कापड पाचोळ्यावरून ओढत नेलं आणि उलटं करून ती ठिपके मोजत बसली, एक, दोन, सात, अकरा. वनरक्षकानं मोबाइलवर जागेची नोंद केली.

संध्याकाळी आशाताई वाडीत घरोघर फिरली. तेलाच्या बाटल्या वाटल्या, कुणाला ताप आहे का विचारलं, तुमचंही नाव वहीत लिहून घेतलं. आजीनं म्हैस गोठ्यातच बांधली, उद्यापासून तिला चारा घरीच. त्या झाडाचे बोंडू या वर्षी कुणी वेचणार नाही असं ठरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी लांबूनच बघितलं तर कळपातली उरलेली माकडं वरच्या फांद्यांवर बसून तेच बोंडू खात होती, आणि एक पिल्लू आईच्या पोटाला बिलगून खाली, भुकटीच्या पांढऱ्या वर्तुळाकडे टक लावून बघत होतं.